मुरमांचे औषध आणि दुकानदाराची मेहेरबानी

तारुण्यपीटिका हा वयाचा धर्म आहे, तो आपोआप ओसरेल, असे म्हणून ज्या विकाराची आपल्या घरांत आजवर थट्टाच झाली, त्यावर वैद्यकशास्त्राने गेल्या अर्धशतकात जी साधने सिद्ध केली त्यांची वार्ता आपल्याकडे पोहोचली खरी, पण तिच्यासोबतचा विवेक वाटेतच कोठे तरी राहिला. १९८२ साली अमेरिकेत ज्यास परवानगी मिळाली ते आयसोट्रेटिनॉइन त्वचेतील तैलग्रंथींनाच आक्रसून टाकते आणि ज्या खोल, गाठाळ मुरमांपुढे इतर औषधे हात टेकतात तेथे कित्येकदा कायमचा गुण देते. परंतु गर्भारपणी घेतल्यास अर्भकास गंभीर व्यंग येण्याचे भय असल्यामुळे तिकडे गर्भधारणाक्षम स्त्रियांना ते देण्यापूर्वी गर्भचाचणीची सक्ती आहे. आपल्याकडे? चिठ्ठीवाचून गोळ्या देणारा दुकानदार शोधण्यास फारसे श्रम पडत नाहीत.

साध्या मुरमांना बेन्झॉइल पेरॉक्साइड बहुधा पुरते, पण त्याला काही आठवड्यांचा धीर लागतो. तो नसतो, म्हणून स्टिरॉइडयुक्त मलमांचे फावते. चेहरा चार दिवस उजळतो, मलम सुटत नाही, पुढे कातडी पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या उमटतात आणि, विनोद असा की, नवे मुरूमही येतात. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे अनुसूची ‘एच’मध्ये घालून चिठ्ठी सक्तीची केली, तो हुकूम दप्तरी शाबूत आहे, गल्ल्यावर त्याचा अंमल नाही. औषध निरीक्षकांनी विक्रीच्या पावत्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहाव्यात आणि कसूर करणाऱ्याचा परवाना रोखावा, ही मागणी कोणासही अवाजवी म्हणता येणार नाही.