वेळेवर केलेली वाटणी

'वाटणी' हा शब्द आमच्या मराठवाड्यात जरा दबक्या आवाजातच उच्चारतात. 'अमक्याच्या घरी वाटणी झाली' हे वाक्य 'अमक्याच्या घरी चोरी झाली' याच सुरात सांगायची पद्धत आहे. ऐकणाऱ्यानं तोंडानं 'अरेरे' म्हणायचं आणि मनात विहीर कुणाच्या वाट्याला गेली असेल याचा हिशेब करायचा. अशा प्रदेशात मी दोन वर्षं उघडउघड वाटणीचा प्रचार केला. तेव्हा नातेवाईक माझ्याकडे कोणत्या नजरेनं बघत असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. माझी बाजू एवढीच होती, की मला वाटणी हवी होती ती शेताची नव्हे, सोन्यानाण्याची तर नव्हेच नव्हे. तेलाच्या एका पत्र्याच्या डब्यात दाटीवाटीनं उभ्या असलेल्या पाच आंब्याच्या रोपांची!

डबा लातूरला, औसा रोडच्या बाजूला, दादाच्या मागच्या अंगणात. मी नांदेडला. मध्ये लोहा, अहमदपूर, चाकूर आणि दादाचा स्वभाव.

कोयी आईनं लावल्या होत्या. गावाकडे बांधावर एक गावरान आंबा होता. त्याच्या रसाला शेपूचा बारीक वास यायचा, म्हणून त्याचं नाव 'शेप्या'. गावरान आंब्यांचं हेच असतं. प्रत्येक झाडाला माणसासारखं स्वतःचं नाव. कुणी खोबऱ्या, कुणी साखऱ्या, कुणी गोटी. शेप्या वाळून गेला. त्याच्या शेवटच्या हंगामातल्या पाच कोयी आईनं धुतल्या, रिकाम्या डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली आणि पाचही कोयी त्यात पुरल्या. पाचही उगवल्या. मी दिवाळीत गेलो तेव्हा वीत-दीड वीत उंचीची पाच लेकरं एका डब्यात उभी होती. मी म्हटलं, "दादा, ही वेगळी करायला पाहिजेत."

दादा म्हणाला, "उगं कशाला हात लावायलास? चांगली चाललीत की."

भारतातल्या बहुतेक संस्थांचा इतिहास 'चांगली चाललीत की' या वाक्यापासून सुरू होतो आणि कुठे संपतो ते आपण जाणतोच.

मग मी चौकशी सुरू केली. तेव्हा मला शोध लागला, की एका डब्यात अनेक रोपं असली म्हणजे जगाचे दोन पंथ होतात. पहिला 'राहू द्या' पंथ. हा भाविक. दुसरा 'उपटून टाका' पंथ. हा व्यवहारी. दोन्ही पंथांचे लोक बागेत हात न घालता बोलतात, हे त्यांच्यातलं साम्य. या दोघांशीही माझं भांडण आहे आणि ते मी आज छापून मोकळं करणार आहे.

आधी 'राहू द्या'वाले. यांचा पहिला मुद्दा सोबतीचा. "एकमेकांच्या आधारानं वाढतात हो!" ऐकायला फार गोड. पण आंब्याला आधार लागत नाही, तो काही कारल्याचा वेल नव्हे. आंब्याची बाग लावताना जुन्या पद्धतीनं दोन झाडांत १० मीटर अंतर सोडतात, ते काही बागवानाला पायी फिरायची हौस आहे म्हणून नव्हे. आमच्या डब्याची रुंदी वीतभर! १० मीटरवरच्या सोबतीला शेजार म्हणतात. वीतभरातल्या सोबतीला आषाढीची एस्टी म्हणतात. त्यातून आंब्याला सोटमूळ. ते सरळ खाली जायला बघतं, पत्र्याला डोकं आपटतं आणि मग बुडाशी गोल फिरू लागतं. एक मूळ फिरलं तर वेटोळं होतं, पाच मुळं फिरली की वेणी होते. वरून पाहणाऱ्याला पाच पोपटी शेंडे दिसतात आणि तो म्हणतो, 'किती गुण्यागोविंदानं राहतात!' एकत्र कुटुंबाचं कौतुकही बहुधा रस्त्यावरूनच होतं. मोरीपुढच्या रांगेत उभं राहून ते कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दुसरा मुद्दा पाण्याचा. हा दादाचा खास मुद्दा आणि इथे मी थट्टा आवरती घेतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, १० वाघिणींत मिळून ५ लाख लिटर. गोदावरीकाठी राहून नळ सोडून दाढी करणाऱ्या माझ्यासारख्यानं त्यावर काय बोलावं? त्या उन्हाळ्यापासून तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत गेलं, तरी दादाच्या पोटात खड्डा पडतो. तो म्हणाला, "एका डब्याला एक तांब्या पुरतो. पाच पिशव्यांना पाच तांबे. कुठून आणू?"

हिशेब बिनतोड वाटतो. पण तांब्या डबा पीत नाही दादा, तांब्या रोपं पितात! पाच तोंडं ती पाचच. भांडं एक केल्यानं तहान एक होत नाही. उलट डब्यात मूठभर माती आणि पसाभर मुळं. त्यामुळे सकाळी घातलेलं पाणी बारापर्यंत गायब आणि दुपारी पाचही माना खाली. एके दिवशी पाणी घालायचं विसरलं, तर पाचांवर एकदमच संकट. तीच रोपं आपापल्या पिशवीत, सावलीत, वर पाचोळ्याचा थर घालून ठेवा, तोच तांब्या जास्त काळ पुरतो. दुष्काळी गावानं तर वाटणी आधी करावी. कमी पाण्यात जगायचं तर मूळ खोल जायला हवं आणि खोल जायला जागा हवी.

आता 'उपटून टाका'वाले. यांचे पुढारी म्हणजे दादाच्या शेजारचे एक निवृत्त मास्तर. दहावी-बारावीच्या निकालात 'लातूर पॅटर्न' गाजवणाऱ्या गावचे शिक्षक ते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून डब्याची तपासणी केली आणि निकाल जाहीर केला : "हे उंच ठेवा. चार काढून टाका. गुणवत्ता यादीत एकच पहिला येतो."

मास्तरांचं शास्त्र बाजरीच्या विरळणीला ठीक आहे. तिथे सगळी ताटं सारखीच, दोन गेली तर चार उरतात. पण गावरान आंब्याच्या पाच कोयी म्हणजे पाच निरनिराळी माणसं. केसर घ्या. त्याचं कलम करतात, म्हणून एक केसर दुसऱ्यासारखा. आमच्या मराठवाडा केसरला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण तोच केसर खाऊन कोय लावली, तर वर येतो तो केसर नव्हे, केसरचा मुलगा. आणि मुलगा बापासारखाच निघाला असं कोणत्या घरात झालंय? आमच्या पाच रोपांची आई एक, शेप्या. बाप मात्र आमराईतून मोहरावर येणाऱ्या माशांनाच ठाऊक. शेपूचा वास पाचांतल्या कुणात उतरला आहे, ते उंचीवरून कसं कळणार? रोपाला फळ धरायला सहा-आठ वर्षं लागतात. तोवर उपटलेलं प्रत्येक रोप म्हणजे कुणीही न चाखलेला, पुन्हा कधीही न होणारा एक आंबा. तो 'नापास' ठरवायला आपण कोण?

लिंबाच्या जातीत तर आणखी गंमत आहे. जंबेरीच्या एका बीतून दोन-दोन, तीन-तीन कोंब येतात. त्यातले बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात आणि एखादंच बापावर गेलेलं असतं. ते बहुधा किरकोळ निघतं. रोपवाटिकावाले ते काढून टाकतात. त्यांना खुंट सगळे सारखे हवे असतात, त्यांचं बरोबरच आहे. पण घर म्हणजे रोपवाटिका नव्हे. घरात एखादं किरकोळ असतंच. आमच्या घरात ते लेख लिहितं.

पपईपुरता मात्र मी मास्तरांच्या पायाशी बसायला तयार आहे. जुन्या जातींत फूल येईपर्यंत नर कोण, मादी कोण ते कळत नाही, म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावतात आणि नंतर नको असलेली काढतात. तिची मुळंही फार नाजूक. तिथे उपटू नये, जमिनीलगत कात्रीनं कापावं, म्हणजे शेजारणीची मुळं दुखावत नाहीत. पण आंबा म्हणजे पपई नव्हे, एवढं तरी मास्तरांनी मान्य करावं.

तर वाटणी करावी, आणि ती लवकर करावी. लवकर म्हणजे किती? पानं अजून तांबूस आहेत, कोय खाली चिकटलेली आहे, तेव्हा. कोय कलम करणारे कारागीर पंधरा-वीस दिवसांचं रोप कोयीसकट उचलतात, त्याचं मुंडकं छाटतात, त्यावर दुसऱ्या झाडाची काडी बांधतात, आणि तरीही ते जगतं. त्या वयात पाच मिनिटांचं काम असतं. दोन वर्षांनी त्याचंच ऑपरेशन होतं.

आमचं झालं. गेल्या वर्षी आषाढात, आभाळ भरून आलेलं बघून, मी पाच मोठ्या पिशव्या, कात्री आणि उसनं धैर्य घेऊन लातूरची एस्टी पकडली. दादा दारात आडवा. "आईनं एकत्र लावलीत. तिच्या देखत वेगळी करायची नाहीत." त्याचा आवाज कापरा झाला होता. मला कळलं, की हा आंब्यांबद्दल बोलत नाही. मीही मग आंब्यांबद्दल बोललो नाही. मी नांदेडला नोकरी धरली त्या सालापासूनचं सगळं निघालं. मास्तर कुंपणावरून ऐकत होते.

शेवटी आतून आई आली. ऐंशीची आई, हातात लसूण. म्हणाली, "अरे, दुसरा डबा नव्हता म्हणून एकात लावल्या. मला काय हौस होती का लेकरं गर्दीत कोंबायची? दोन वर्षं झाली, तुम्ही दोघं भांडायलाव आणि ती तिथं मरायलीत."

पुढचं सगळं दादानंच केलं. आदल्या रात्री भरपूर पाणी घातलं. सकाळी पत्रा कापून डबा उघडला. मातीचा गड्डा तसाच टबातल्या पाण्यात ठेवला. काळी माती उन्हात दगड असते, पाण्यात लोणी होते. अर्ध्या तासात मुळं मोकळी दिसू लागली. दादा खालून वर, बोटांनी, वेणी सोडवावी तशी सोडवत गेला. जिथे सुटेना तिथे ओढलं नाही, बारीक मुळं कात्रीनं कापली. मुळं कमी झाली तेवढी पानंही छाटली, निम्मी. थोड्या कमावत्यांवर फार खाणारे नकोत. माती, वाळू, शेणखत भरलेल्या पिशव्यांत पूर्वीइतक्याच खोलीवर लावून ती सावलीत ठेवली. टबातलं गढूळ पाणी अर्थात मोरीत गेलं नाही.

पाचांतली तीन जगली. सगळ्यांत उंच, मास्तरांचं गुणवत्ता यादीतलं, चौथ्याच दिवशी गेलं. त्याची मुळं बाकीच्या चौघांभोवती फिरलेली होती, वेगळं होताना त्याचीच जास्त तुटली. आणखी एक श्रावणात गेलं. सगळ्यांत ठेंगणं मात्र नांदेडला माझ्या अंगणात दोन पालव्या फुटून उभं आहे. पहिल्या दिवाळीत हात लावला असता तर पाच जगली असती. गेलेल्या दोघांच्या नावापुढे मी कारण लिहून ठेवलंय : 'चांगली चाललीत की.'

एक लातूरला, एक नांदेडला, एक गावाकडे शेप्याच्या जागी. वाटणीनं माणसं तुटतात म्हणे. दादाचा दर रविवारी फोन येतो. "तुझं कसंय?" म्हणजे माझं नव्हे, रोपाचं. परवा म्हणाला, "शेपूचा वास तुझ्याकडं निघाला तर आधी मला सांग."

"अजून सहा-आठ वर्षं आहेत दादा," मी म्हटलं.

फोनमागून आईचा आवाज आला, "मग पुढच्या कोयींना आत्तापासून डबे जमवून ठेवा म्हणावं. आणि एक नको, पाच!"