जोडप्याला एकच पगार



शहरातल्या कुठल्याही सोसायटीत जा. जिन्याखाली नाहीतर मीटरच्या शेजारी एक खोली असते. तिथे वॉचमन, त्याची बायको आणि मुलं राहतात. पगार वॉचमनला, काम मात्र दोघांना. पहाटे पाण्याची मोटर सुरू करते ती. जिने झाडते-पुसते ती. रात्रपाळी करून नवरा झोपला की दिवसा गेटपाशी बसते तीच. ‘ही बाई कामाला आहे का?’ विचारलं, की सेक्रेटरी म्हणतात, ‘छे! ती वॉचमनची बायको.’

गेल्या पावसाळ्यात अशीच एक बाई आमच्याकडे आली. नवरा वारला होता. तेरावं झालं आणि कमिटीने आठ दिवसांत खोली रिकामी करायला सांगितलं. हजेरीबुकात तिचं नाव नाही, व्हाउचरवर सही नाही. म्हणाली, ‘ताई, मग नऊ वर्षं मी केलं काय?’

या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायला हवं.

‘राहायला फुकट जागा दिली आहे ना!’ हा सोसायट्यांचा ठरलेला युक्तिवाद. पण 1948 च्या किमान वेतन कायद्यातच वेतनाच्या व्याख्येतून घराची, दिवापाण्याची किंमत वगळली होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी लागू झालेल्या 2019 च्या वेतन संहितेतही ती वगळलेलीच आहे. या संहितेने किमान वेतन ठरावीक धंद्यांपुरतं ठेवलेलं नाही. जादा कामाला दुप्पट दर सांगितला आहे आणि एकाच प्रकारच्या कामासाठी वेतनात स्त्री-पुरुष भेद करायला मनाई केली आहे. 1982 साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच म्हटलं होतं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही घटनेच्या कलम 23 ने मना केलेली वेठ आहे. मग अजिबात पैसे न देता करून घेतलेल्या कामाला काय म्हणायचं?

घरातलं काम ‘काम’ म्हणून मोजलं जात नाही, हे आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. इथे तर जिना तिच्या घरचा नाही, मोटर तिच्या घरची नाही. तरीही ‘बायको’ या एका शब्दाने सगळी मजुरी गिळून टाकली.

यात आपणही आहोत. आपल्यापैकी कितीतरी जणी सोसायट्यांत राहतात. वार्षिक सभेत मेंटेनन्स वाढू नये म्हणून हात वर करतात. या वर्षी त्याच सभेत चार गोष्टी मागू या : तिच्या नावाचं वेगळं नेमणूकपत्र, कामाच्या तासांची नोंद, तिच्या स्वतःच्या बँकखात्यात पगार, आणि खोली सोडायची वेळ आली तर पुरेशी मुदत. वस्तीत काम करणाऱ्या गटांनी या बायकांची यादी करावी. त्या एकेकट्या, एकेका इमारतीत विखुरलेल्या आहेत; म्हणूनच त्यांची संघटना होत नाही.

सुरुवात आपापल्या जिन्यापासून करू या.

— संपादक