होडीला भोक पाडावं का?

शिडाची छोटी होडी बाळगणाऱ्या माणसाला एक दिवस हा प्रश्न पडतोच. होडी असते पाच-सहा मीटरची. हौसेने घेतलेली, हौसेने रंगवलेली. पहिलं वर्ष "आम्हाला मशीन-बिशीन नको, वारा आहे ना!" असं म्हणण्यात जातं. मग कोकणातला वारा आपला खाक्या दाखवतो. पहाटेचा मतलई वारा उन्हं चढली की मरतो, आणि दुपारचा खारा वारा यायला अवकाश असतो. मधले दोन-तीन तास समुद्र तेलासारखा. मुंबई बंदरात मोठ्या भरतीला पाणी पाचेक मीटर चढतं-उतरतं. त्या ओढीत शीड लोंबकळत असलेली होडी कुठे जाईल ते आपण नाही, पाणी ठरवतं. मग घरची मंडळी सुनावतात, आणि पाच-सहा हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड मशीन येऊन पिछाडीच्या फळीला लटकतं.

आणि मग पुढचा विचार सुरू होतो. हे मशीन बाहेर लटकवण्याऐवजी होडीच्या आतच घेतलं तर? तळाला भोक पाडायचं, भोवती चारी बाजूंनी भिंती उभ्या करायच्या आणि मशीन त्यात वरून सोडायचं. इंग्रजीत या प्रकाराला 'वेल' म्हणतात. म्हणजे आपली विहीरच, फक्त तळ नसलेली आणि समुद्राला थेट उघडणारी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मशीन आत असावं ही कल्पना अगदी बरोबर आहे. पण तयार, धडधाकट होडीला भोक पाडून ती अमलात आणणं बहुतेक वेळा चूक आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी, ते सांगायचा हा प्रयत्न.

आधी मशीनची बाजू घेऊ. आउटबोर्ड मशीन मुळात शिडाच्या होडीसाठी जन्मलंच नाही. अमेरिकेत मिलवॉकीच्या ओल एव्हिनरूडने १९०९ साली आपलं मशीन बाजारात आणलं, ते दीड हॉर्सपॉवरचं, अठ्ठावीस किलोच्या आसपास वजनाचं आणि वल्ह्याच्या होडीसाठी. तळ्यात वल्हं मारून दमलेल्या माणसाने ते पिछाडीला अडकवायचं आणि आरामात बसायचं. तळ्यात लाटा बेताच्याच. वल्ह्याच्या होडीला ना शिडाची दोरी, ना पिछाडीला आडवं येणारं मोठं सुकाणू. तिथे ही व्यवस्था उत्तम होती. आपण तीच उचलून समुद्रातल्या शिडाच्या होडीला लावली.

समुद्रात काय होतं? होडी लाटेवर झोपाळ्यासारखी डोलते. नाळ खाली गेली की पिछाडी वर. सहा मीटरची होडी साधारण मध्यावर डोलते असं धरलं, तर पिछाडी मध्यापासून तीन मीटरवर. दहा अंशांचा हेलकावा बसला की पिछाडीची फळी पन्नास सेंटिमीटरच्या वर उचलली जाते. पंखा पाण्याबाहेर येतो किंवा वरून हवा ओढतो, मशीन किंचाळतं, ढकलणं बंद. पुढच्या क्षणी पिछाडी आपटते आणि मशीनचं डोकं पाण्यात बुडायला येतं. म्हणजे मशीनची खरी गरज जेव्हा असते, समोरून वारा, आखूड लाटा, पाठीमागे खडक, नेमकं तेव्हाच ते निम्मा वेळ हवेत फिरत असतं. हेच मशीन दीड मीटर पुढे घेतलं तर उचल निम्मी होते, पंचवीस-सव्वीस सेंटिमीटर. तेवढ्यात पंखा बहुधा पाण्यातच राहतो.

दुसरं म्हणजे माणूस. पिछाडीला लटकलेलं मशीन चालू करायला, वर उचलायला, पेट्रोलचा नळ उघडायला बाहेर ओणवं व्हावं लागतं. शांत पाण्यात यात काही नाही. हेलकाव्यात, एकट्याने, ओल्या हातांनी हे करणं म्हणजे पडण्याचं आमंत्रण. वळताना शिडाची दोरी मशीनच्या डोक्यात अडकते ते वेगळंच. आत घेतलेलं मशीन गुडघ्याशी असतं. बसल्या जागेवरून दोरी ओढा. या एका कारणासाठी मी विहिरीच्या बाजूने मत देईन. होडीतून पडलेला माणूस परत घेणं किती कठीण असतं हे ज्याने एकदा पाहिलं आहे, तोही देईल.

इथपर्यंत सगळं सोपं. आता दुसरी बाजू.

विहीर करायला निघालेला माणूस मनात धरतो की वजन मागून पुढे आलं, म्हणजे बुडालेली पिछाडी उचलली जाईल. बरोबर वाटतं. पण भोक म्हणजे नुसतं भोक नाही. जिथे होडी पाणी बाजूला सारून तरंगत होती, तिथे आता समुद्र आत आला आहे. विहीर चाळीस बाय साठ सेंटिमीटरची केली आणि तिथे होडी वीस सेंटिमीटर पाण्यात असली, तर अठ्ठेचाळीस लिटर पाणी आत. तितक्याच किलोंची तरंगण्याची ताकद गेली. पंचवीस किलोचं मशीन आत घेतलं आणि होडीला भार पडला त्र्याहत्तर किलोंचा! आता तरफेचा हिशोब करा. मशीन पिछाडीला होतं तेव्हा पंचवीस गुणिले तीन मीटर, म्हणजे पंचाहत्तर. आत घेतल्यावर त्र्याहत्तर गुणिले दीड, म्हणजे एकशे दहाच्या आसपास. पिछाडी उचलली जायच्या ऐवजी आणखी बसली.

हीच विहीर तीस बाय चाळीसची ठेवली आणि तिथे तळ पंधरा सेंटिमीटरच बुडत असेल, तर अठरा लिटर. पंचवीस अधिक अठरा, त्रेचाळीस. गुणिले दीड, पासष्टच्या आत. आता फायदा झाला, पण थोडासाच. म्हणजे सगळा खेळ भोकाच्या आकाराचा आहे. आणि भोक लहान केलं की मशीन तिरपं करून पाण्याबाहेर काढता येत नाही, वळवताही येत नाही. वळायचं ते सुकाणूनेच. (पंख्याचं पाणी सुकाणूवर येतं, त्यामुळे पुढे जाताना हे जमून जातं. मागे घेताना मात्र देवाचं नाव घ्या.)

मशीन तिरपं होत नाही, म्हणजे शीड लावल्यावरही त्याचा पाय पाण्यात लोंबत राहणार. वेग खाणार, आणि होडी नांगरावर असताना शंख-शिंपल्यांना घर देणार. यावर उपाय एकच. शीड लावलं की मशीन उचलून आत ठेवायचं आणि भोकात तळाच्या आकाराचं बूच बसवायचं. पंचवीस किलोचं मशीन, डोलणाऱ्या होडीत, सरळ वर उचलून. पस्तिशीत जमतं. साठीत विचार करावा लागतो. बूच न लावता तसंच गेलं तर उघड्या भोकात पाणी घुसळत राहतं आणि होडी कुणीतरी मागून धरल्यासारखी चालते. मग शीड लावायचा कंटाळा येतो. आणि शिडाच्या होडीत शीड लावायचा कंटाळा येऊ लागला की तिचं काय उरतं?

वेग गेला तर गेला, जीव महत्त्वाचा. म्हणून आता पेट्रोलबद्दल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, होडीच्या तळाशी जाऊन बसते आणि ठिणगीची वाट बघते. बाहेर लटकलेल्या मशीनमधून गळलेले चार थेंब समुद्रात जातात. विहिरीच्या भिंतीला एक फट राहिली, किंवा कुणी हुशारीने पेट्रोलची नळी त्या भिंतीतून भोक पाडून आत नेली, तर तेच चार थेंब वाफ होऊन बंद कप्प्यात शिरतात. म्हणून विहीर होडीच्या आतल्या भागापासून पूर्ण तोडलेली हवी, तळापासून बैठकीपर्यंत किंवा डेकपर्यंत अखंड, आणि वरून मोकळी. वर झाकण घालून आवाज कोंडायचा मोह फार होतो. तो आवरावा. कोंडलेल्या विहिरीत मशीन स्वतःचाच धूर श्वासात घेतं, घुसमटतं आणि बंद पडतं. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड मागे बसलेल्या माणसालाही सोडत नाही. त्याला ना रंग, ना वास.

राहिलं लाकूडकाम. तळाला भोक पाडताना आपण होडीच्या सगळ्यात राबणाऱ्या भागाला हात घालतो. भिंती तळाशी आणि वर डेकशी नीट बांधल्या तर त्या उलट बळ देतात, नुसत्या चिकटवल्या तर पहिल्या मोसमात तडा. प्लायवूडची कापलेली कड इपॉक्सीने नीट बंद केली नाही तर पाणी थराथरांत शिरतं, आणि बाहेरून रंग चकचकीत असताना आतून भुगा होतो. विहिरीच्या आत ब्रश पोहोचत नाही. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांना हे चांगलं माहीत असतं. आणखी एक, हे काम पावसाळ्यात काढू नये. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घालायची म्हणून लोक जुलैत इपॉक्सी लावायला बसतात. दमट हवेत त्यावर चिकट साय धरते, आणि ती न धुता वर पुढचा थर दिला तर तो धरत नाही. होडी वर ओढलेली असते, वेळही असतो, सगळं खरं. पण हवा आपली नसते.

मग विहीर चांगली कुठे असते? जिथे ती पहिल्या दिवसापासून होती तिथे. ब्रिटनमध्ये जॉन वॉटकिन्सन यांनी १९६०च्या दशकात ड्रॅसकोम लगर नावाची उघडी होडी आखली. साडेपाच मीटरच्या थोडी वर, मोठ्या शिडाला खालचा दांडा नाही, मागे छोटं दुसरं शीड. त्या होडीत मशीनची विहीर मुळातच धरलेली आहे. अमेरिकेत कार्ल अल्बर्ग यांनी आखलेल्या पिअर्सन कमांडरच्या मागच्या कप्प्यातही अशी विहीर आहे. या होड्यांत बाकीची होडी भोकाभोवती रचलेली आहे. तळाचा आकार, वजनाची वाटणी, शिडांची मांडणी, सगळं ते धरून. आपण करतो ते उलटं. होडी आधी, भोक नंतर.

जुन्या वाड्यांचं आठवतं का? संडास परसात असायचा. रात्री कंदील घेऊन जायचं, पावसात भिजत जायचं. तो घरात आला हे चांगलंच झालं, म्हाताऱ्या माणसांचे हाल थांबले. पण माजघराच्या भिंतीत नळ खुपसून जिथे तो आणला, तिथे दोन पावसाळ्यांत भिंत ओलीने फुगली. सोय चुकीची नव्हती. भिंत त्यासाठी बांधलेली नव्हती.

म्हणून माझ्या तीन अटी आहेत. एक, होडीचा मूळ आराखडा किंवा निदान तिची मापं हातात असावीत, आणि वरचा लिटर-किलोचा हिशोब करवत उचलण्याआधी कागदावर झालेला असावा. दोन, विहीर पेट्रोलला पूर्ण बंद आणि वाऱ्याला पूर्ण उघडी करता आली पाहिजे. तीन, बूच लावून, मशीनशिवाय, ही होडी नुसत्या शिडावर वाऱ्याच्या तोंडावर चढत घरी येऊ शकली पाहिजे. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. कारण मशीन बंद पडतं, आणि ते नेमकं खडकाजवळच का पडतं याचं उत्तर सोपं आहे. शांत पाण्यात ते बंद पडलं तर कुणाच्या लक्षात राहत नाही.

या अटी बसत नसतील तर पिछाडीलाच, पण वर-खाली सरकणाऱ्या लोखंडी घोडीवर, लांब दांड्याचं मशीन लावा. आखूड दांडा पंधरा इंची, लांब दांडा वीस इंची. या पाच इंचांत भोकाचा बराचसा फायदा पदरात पडतो आणि करवतीला हात लागत नाही. आणि एक लांब वल्हं नेहमी बरोबर ठेवा. लॅरी आणि लिन पार्डी या जोडप्याने १९६८ साली पाण्यात घातलेल्या आपल्या चोवीस फुटी 'सेराफिन'मधून मशीन न बसवता पृथ्वीप्रदक्षिणा केली. वारा पडला की ते मोठं वल्हं काढत. तुम्ही-आम्ही पार्डी नाही हे कबूल. पण वल्हं बंद पडत नाही, त्याला पेट्रोल लागत नाही आणि त्यासाठी होडीला भोक पाडावं लागत नाही.

लाकूड जोडता येतं, पण कापलेलं लाकूड पुन्हा न कापलेलं होत नाही. शंका असेल तर एक मोसम थांबा. होडी कुठे जात नाही.