रविवारी रात्री मेस बंद असते

पन्नास-तीस-वीस. आठवडाभर हे तीन आकडे डोक्यात घण घालताहेत आणि राग काही उतरत नाही. 

धाकट्या बहिणीच्या मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. कोरेगावच्या शेतात घेवड्याच्या वजनकाट्याशी उभी राहून व्यापाऱ्याच्या आधी पट्टीचा आकडा सांगणारी ही मुलगी. वय सतरा, नोव्हेंबरात अठरा पुरी होतील. पहिल्यांदा घर सोडणाऱ्या मुलामुलींसाठी इथे साताऱ्यात पैशाच्या नियोजनावर एक व्याख्यान झालं, तिथे ती गेली होती. वक्त्यांनी सांगितलं, हातात येणाऱ्या पैशातले निम्मे गरजांवर, तीस टक्के हौसेवर आणि वीस टक्के बचतीत. बचत आधी बाजूला काढायची, मग खर्चाला हात घालायचा. पोरीने ते वहीत उतरवून घेतलं आणि घरी येऊन इमानेइतबारे अमलातही आणलं.

ती वही आत्ता माझ्यापुढे आहे. फिजिक्सच्या जर्नलमध्ये आलेखाची पानं उरली होती, त्यावर हिशेब मांडलाय. घरून महिन्याला ९,००० मिळणार. कॉट ४,५००. मेस, दोन वेळ, ३,०००. मोबाइल ३००. झेरॉक्स-प्रिंट ३००. साबण, तेल, पॅड ४००. इतर ५००. बेरीज चोख ९,०००. मग बचतीची आठवण झालेली दिसते, कारण इथून पुढे पेन बदललंय. नऊ हजारांचे वीस टक्के म्हणजे १,८००, ते आणायचे कुठून? ‘इतर’वर काट मारली, ५०० सुटले. राहिले १,३००. त्यासाठी मेसच्या ओळीवर काट मारून बारीक अक्षरात लिहिलंय: एकवेळ, १,७००. खाली चौकटीत ‘बचत १,८००’ आणि त्यापुढे बरोबरची खूण.

नाश्ता त्या पानावर कुठेच नाही. काट मारायच्या आधीही नव्हता.

“अगं, रात्री काय खाणार?” मी विचारलं.

“दुपारी उशिरा जेवलं की रात्री भूक लागत नाही, मावशी. आणि रूमवर चुरमुरे असतीलच.”

“आणि सकाळी?”

“सकाळी कॉलेज असतं.”

हे सूत्र कुठलं, तेही सांगते. अमेरिकेतल्या एलिझाबेथ वॉरन, ज्या पुढे सिनेटर झाल्या, त्यांनी आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरन त्यागी यांनी २००५ साली ‘ऑल युवर वर्थ’ नावाचं पुस्तक लिहिलं, त्यातून ते जगभर गेलं. कर भरून पगार हातात पडणाऱ्या कमावत्या माणसांसाठी ते आहे आणि त्यांच्यासाठी चांगलंच आहे. पण या मुलीची स्वतःची कमाई शून्य. तिच्या निम्म्या पैशांची तर एकट्या कॉटनेच वाट लावली. आता तिने ‘हौस’ कुठे शोधायची, पॅडच्या पाकिटात? व्यासपीठावरून हे सांगताना समोर कोण बसलंय ते बघायला हवं होतं. समोर शेतकऱ्यांची, दुकानदारांची, अंगणवाडीताईंची मुलं होती. त्यांना काटकसर शिकवावी लागत नाही, ती घरातूनच घेऊन आलेली असतात. त्यांना शिकवायचं असेल तर हे शिकवा, की काट कुठे मारायची नाही.

फीचं म्हणाल तर बरं चाललंय. २०२४ साली राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. तो निर्णय नसता तर आमची पोरगी पुण्याला निघालीच नसती. त्याच वर्षी जीएसटी परिषदेने कॉलेजबाहेरच्या होस्टेलांनाही कर माफ केला, माणशी महिना वीस हजारांच्या आत भाडं आणि सलग नव्वद दिवस मुक्काम असेल तर. निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत, पंजाबराव देशमुखांच्या नावाची आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार आहे. ज्यांना लागू आहेत त्यांनी अर्ज भरायलाच हवेत. फक्त त्यांचे पैसे अर्ज, पडताळणी, मंजुरी असं सगळं होऊन खात्यात येतात आणि कॉटमालकाला भाडं पहिल्या तारखेला लागतं.

तिच्या पानावर पहिला दिवसही नव्हता. नऊ हजार महिन्याचे. पण पुण्यात उतरल्या उतरल्या दोन महिन्यांचं डिपॉझिट ९,०००, चालू महिन्याचं भाडं ४,५००, मेसचे ३,००० आगाऊ, आणि गादी, उशी, बादली, मग, कुलूप, दोरी, एक्स्टेंशन बोर्ड मिळून दोनेक हजार. झाले साडेअठरा हजार, कॉलेजचं एक पुस्तकही न घेता. केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेऊ नये असं आहे, पण तो ज्या राज्याने स्वीकारला तिथेच लागू. कॉटवाल्यांकडे तर कितीदा कराराचा कागदच नसतो. पावती मागून घ्यायची आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं ते त्याच पावतीवर लिहून घ्यायचं. कागद केलाच तर सही बापाची. आपल्याकडे अठराच्या आतल्या मुलाशी केलेला करार कायद्यापुढे उभा राहत नाही, हे १८७२ च्या करार कायद्यापासून चालत आलंय.

आता मूळ मुद्दा, जेवणाचा. एक वेळच्या मेसवर दिवस काढणारी मुलं ही पुण्यात नवलाची गोष्ट नाही. २०१८-१९ च्या दुष्काळात मराठवाड्याकडून आलेली, सदाशिव पेठेत अभ्यासिकांमधून बसणारी मुलं एका वेळच्या जेवणावर राहताहेत, अशा बातम्या आल्या तेव्हा लोक हळहळले, काहींनी डबे दिले, मदत गोळा केली. पण दुष्काळ नसलेल्या वर्षीही हे चालूच असतं आणि ते दिसत नाही, कारण ते घरी कळू द्यायचं नाही एवढ्याचसाठी मुलं ते करत असतात. भाडं चुकवता येत नाही. रिचार्ज संपला तर घरून फोन येतो, “लागत का नव्हता?” जेवण चुकवलं तर कुणालाच पत्ता लागत नाही. गुणी आणि घरची जाण असलेली मुलंच यात जास्त सापडतात, हे मला फार लागतं.

या सातारा जिल्ह्याला तर हे कळायला हवं. कर्मवीर अण्णांनी १९२४ साली इथे बोर्डिंग काढलं, तेव्हा पहिली अडचण पुस्तकांची नव्हती, पिठाची होती. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. इथल्या शाळांमधून हे दरवर्षी भाषणात सांगितलं जातं. मुलांच्या पोटात आधी भाकरी पडली पाहिजे, बाकीचं नंतर, असा त्या बाईंचा हिशेब होता.

आणि आमच्या लहानपणी घराघरांनी हाच हिशेब एसटीच्या भरवशावर चालवला होता. आजच्या मुलांना खरं वाटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. जावळी, पाटण, कोरेगावकडची मुलं साताऱ्यात खोली करून शिकायची. तीन-चार जणांत एक खोली, कोपऱ्यात स्टोव्ह, तोही चहापुरता. जेवण गावाहून यायचं, सकाळच्या पहिल्या गाडीने. आई पहाटे उठून भाकऱ्या थापायची, कालवण वेगळ्या झाकणाच्या डब्यात, वर मिरचीचा ठेचा, आणि सगळं फडक्यात बांधून धाकटा भाऊ फाट्यावर नेऊन द्यायचा. डब्यावर मुलाचं नाव आणि शाळेचं नाव तेलरंगाने घातलेलं असे. कंडक्टर ओळखीचाच, तो डबे ड्रायव्हरच्या मागच्या मोकळ्या जागेत एकाला एक लावून ठेवी. स्टँडवर गाडी लागली की पोरं धावत. आमटी सांडलेली असायची, फडकं पिवळं झालेलं असायचं, भाकरीच्या कडा मऊ पडलेल्या असायच्या. संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत. आत कधी चिठ्ठी: ‘शाईची दौत पाठवा.’ ‘शनिवारी येत नाही, परीक्षा आहे.’

पावसाळ्यात घाट बंद झाला, गाडी आली नाही, की त्या दिशेच्या मुलांचा डबा नाही. मग दुसऱ्या दिशेच्या मुलांच्या डब्यातून भाकऱ्या निघत. माझ्या वर्गातला एक मुलगा बामणोलीकडचा होता. त्याच्या डब्याचा जुलै-ऑगस्टमध्ये नेम नसे. त्याच्या वाट्याच्या दोन भाकऱ्या कोरेगावची एक बाई पावसाळाभर आपल्या मुलाच्या डब्यात जादा घालून पाठवायची. तिने त्या मुलाला पाहिलेलंही नव्हतं. तो पुढे शिक्षक झाला आणि निवृत्त होईपर्यंत दर दिवाळीला त्या घरी जात असे. त्या बाई म्हणजे माझी आई नव्हे, हे सांगून टाकते, कारण वाचक लगेच तसं धरून चालतात. आमच्या आळीतल्याच होत्या.

खोलीचं भाडं, वह्या, कधी सिनेमा, यात मुलं काय वाटेल ती ओढाताण करोत. भाकरी त्या ओढाताणीच्या बाहेर होती. ती घरच्या पिठातून यायची, तिची किंमत मुलाच्या खिशाला ठाऊकच नव्हती, त्यामुळे ती वाचवायचा मोहही त्याला होत नसे.

मेस आली आणि जेवणाला दर लागला. मेसला नावं ठेवायची नाहीत मला. महिना तीन हजारांत दोन्ही वेळा चपाती, भाजी, वरण-भात पोरांच्या पानात घालणाऱ्या बायका मी जवळून पाहिल्या आहेत. गॅसचा सिलिंडर, तेलाचे भाव आणि बुडवून जाणारी मुलं, सगळं सोसून त्या उभ्या आहेत. पण तिथले नियम घरून निघण्याआधी माहीत असावेत. रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद. म्हणजे महिन्याच्या चार-पाच रात्री बाहेर खायचं, त्याचे पैसे मुलांच्या हिशेबात कधीच नसतात. खाडा बहुतेक ठिकाणी सलग काही दिवस सुट्टीवर गेलं तरच धरतात, तोही आधी सांगितलं तर. सणाला चार दिवस घरी आल्याचे पैसे वजा होतील हे गृहीत धरू नये. आजारी पडलं की मेसपर्यंत चालत जाववत नाही आणि डबा खोलीवर आणून द्यायचा तर त्याचे वेगळे.

म्हणून मी बहिणीच्या घरी दोन गोष्टी बोलले. पहिली ही, की मेसचे पैसे पोरीच्या हातात द्यायचेच नाहीत. भाऊजींनी दोन वेळचे पैसे दर महिन्याला परस्पर मेसच्या ताईंना पाठवायचे. नाश्त्याचे आणि रविवारच्या रात्रीचे म्हणून हजार रुपये वर वाढवायचे, म्हणजे नऊचे दहा. पुढे शिकत शिकत दोन पैसे मिळवायला लागली आणि वीस टक्केच काय, चाळीस टक्के बाजूला टाकले, तरी माझी ना नाही. मात्र सतराव्या वर्षी दिवसाला एकदा जेवून केलेली बचत मला बघवत नाही.

दुसरी गोष्ट भाऊजींना जड गेली. मी म्हटलं, घरात किती येतं आणि किती जातं ते तिला कागदावर दाखवा. घेवड्याची पट्टी तिला माहीत आहे. पण सोसायटीचं कर्ज किती, भाऊजींच्या दुकानाची उधारी किती अडकली, हे तिच्यापुढे कधी कुणी बोललं नाही. मोठी माणसं उंबऱ्याशी कुजबुजतात आणि पोरं अर्धवट ऐकून खरं असेल त्यापेक्षा वाईट धरून चालतात. हजार वाढवायला भाऊजींना खरंच जमत होतं. ते बोलले नव्हते आणि तिने मागितले नव्हते, एवढंच. दोघंही एकमेकांना जपत होते आणि त्यात पोरगी रात्रीचं जेवण सोडून बसली होती.

कागद झाला. कर्जाचा आकडा बघून पोरगी घाबरली नाही, उलट व्याज कुठल्या दराने लागतं ते विचारलं. भाऊजींनी दहा हजारांवर मान हलवली.

एकच गोष्ट अडली आहे. तिच्या खात्याला मोबाइल नंबर बापाचा जोडलेला आहे. तिने पंधरा रुपयांचा चहा घेतला तरी इकडे दुकानात भाऊजींच्या खिशात फोन वाजणार. त्यांना त्यात काळजी दिसते, मला पहारा दिसतो. संध्याकाळी “आज दोनदा चहा झाला वाटतं?” असं विचारणारा फोन आला की पोरगी रोखीने व्यवहार करायला लागेल, आणि मग खरंच पैशाची अडचण आली तरी सांगणार नाही. आईचं म्हणणं, निदान पहिले सहा महिने तरी राहू दे. पोरगी काही बोलली नाही, पण तिने आपल्या नव्या सिमचा नंबर त्या जर्नलच्या पानावर वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय. काल बापलेक बँकेत जाणार होते, तर दुसरा शनिवार निघाला. उद्या दहाला उघडते. तिची गाडी दुपारी दोनची आहे, तेवढ्यात होईल.