मुदत, सेवा आणि कारकीर्द

वृत्तपत्रांतून व सरकारी परिपत्रकांतून ‘कार्यकाळ’ या एका शब्दाने जो धुमाकूळ मांडला आहे, तो भाषेतील क्षुल्लक प्रमादांत जमा करून सोडून देण्यासारखा नाही. मंत्र्याचा कार्यकाळ, कुलगुरूंचा कार्यकाळ, ग्रामपंचायतीचा कार्यकाळ आणि निवृत्त होणाऱ्या शिपायाचाही कार्यकाळ! एकच शब्द सर्वांच्या उपयोगी पडत असेल तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. बिघडले ते असे की, या एका शब्दाने तीन निरनिराळे शब्द गिळले, आणि त्यांच्याबरोबर तीन निरनिराळे विचारही गिळले.

मुदत ही दुसऱ्याने घालून दिलेली असते. ती आरंभीच ठरते. कर्ज फेडण्यास असते तशीच ती पद भोगण्यासही असते. सेवा ही दिवसामागून दिवस साठत जाते व तिची बेरीज होते. कारकीर्द मात्र सर्व संपल्यावर मागे वळून पाहिले असताच दिसते. फारसीत त्या शब्दाचा मूळ अर्थच ‘केलेले काम’ असा आहे. थोरले माधवराव १७६१ ते १७७२ अशी अवघी अकरा वर्षे पेशवेपदावर होते. दुसरे बाजीराव १७९६ ते १८१८ अशी बावीस. काळ मोजू गेल्यास दुसऱ्याचा दुप्पट भरतो. परंतु कारकीर्द कोणाची थोर, हे शाळकरी पोरास विचारले तरी तो चुकणार नाही.

यावर भाषाशुद्धीचे अभिमानी म्हणतील की, मुदत अरबी आणि कारकीर्द फारसी. कार्यकाळ निदान घरचा तरी आहे. १९२४ ते १९३७ या काळात स्थानबद्ध असता सावरकरांनी ज्या रत्नागिरीतून भाषाशुद्धीचा पुरस्कार केला, त्याच जिल्ह्याच्या संबंधाने आम्ही हे लिहीत आहोत. तेव्हा त्या अभिमानाविषयी आम्हांस अनादर नाही. परंतु ‘तारीख’ जाऊन ‘दिनांक’ आला, तेव्हा एका शब्दाच्या जागी एक शब्द आला व अर्थाची हानी झाली नाही. येथे तिघांची हकालपट्टी करून एकास आणून बसविले आहे. याला शुद्धी म्हणावे की दारिद्र्य?

हा केवळ पंडितांचा वाद आहे असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी लोटे येथे जावे. खेड तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गालगत, रासायनिक कारखान्यांची ही औद्योगिक वसाहत वसली आहे. पूर्वी येथला तरुण मुंबईची वाट धरून चाकरमानी होई, आणि गिरणीत ‘बदली’ म्हणून लागला तर रोज सकाळी दरवाजाशी उभा राही. पुढे कारखानेच कोकणात आले. अशा वसाहतीत पाळी सुटण्याच्या वेळी एखाद्या कंत्राटी कामगारास विचारावे, “नोकरीला किती वर्षे झाली?” “वर्षे पुष्कळ झाली हो, पण कायम नाही,” हे उत्तर ऐकण्यास फार वेळ थांबावे लागणार नाही. त्या ‘पण’मध्ये मुदत आणि सेवा यांतील सारे अंतर सामावले आहे.

त्या अंतराची किंमत रोकडी आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले म्हणजे वर्षाची अखंड सेवा मानली. १९७२ च्या कायद्याने पाच वर्षांच्या अखंड सेवेवर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. सेवा म्हणजे असा साठत जाणारा हक्क होय. म्हणूनच ज्यास तो द्यावयाचा नसतो, तो मुदत देतो. यंत्र तेच, पाळी तीच, माणूसही तोच. बदलतो तो ठेकेदार किंवा करारपत्राचा कागद, आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून! २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी ठरावीक मुदतीच्या कामगारास पाच वर्षे न भरताही ग्रॅच्युइटीची सोय केली, हे मान्य केले पाहिजे. परंतु मुदत संपल्यामुळे काम गेले, तर त्यास कामगारकपात म्हणावयाचे नाही, हेही त्यांतच लिहिलेले आहे. तेव्हा नेमणूकपत्रावर कोणता शब्द पडला, यावर एका कुटुंबाचे पुढील वर्ष अवलंबून असते. अशा वेळी “तुमचा कार्यकाळ समाप्त झाला” असे सांगणे म्हणजे, मुदत संपली की सेवा तोडली, हेच झाकून ठेवणे होय.

आमच्या जुन्या दप्तरांत ही लपवाछपवी नव्हती. जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेला तो मिरासदार, आणि तसा हक्क नसता जमीन कसणारा तो उपरी. ती व्यवस्था न्यायाची होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु उपऱ्यास आपण उपरी आहोत हे शब्दावरून तरी कळत असे. आजच्या उपऱ्यास मात्र मंत्र्याच्याच तोलाचा शब्द बहाल करण्यात येतो, आणि त्याच्या हाती दुसरे काहीच पडत नाही!

सुशिक्षित कुटुंबांतील मंडळींस, विशेषतः कचेऱ्यांत व वृत्तपत्रांत ज्यांच्या लेखणीतून हे शब्द रोज उतरतात त्यांस, आमचे सांगणे इतकेच आहे: पदाधिकाऱ्यास मुदत असते, तेव्हा मुदत म्हणा. कारकीर्द होती की नव्हती, हे त्याच्या कामावरून ठरवा. आणि ज्याने वर्षानुवर्षे एकाच यंत्रापाशी पाळ्या भरल्या, त्याच्या नावापुढे ‘सेवा’ हा शब्द लिहून त्याखाली वर्षांची बेरीज मांडा. ती बेरीज त्याची आहे. ती करण्याचा शब्द त्याच्यापासून काढून घेण्याचा अधिकार कोणासही नाही.