पगारापलीकडचे पैसे आणि शाळेतील शिक्षण

राज्याच्या अर्थसंकल्पात शालेय शिक्षणाची तरतूद दरवर्षी मोठी दिसते. मात्र, तिचा बहुतांश भाग शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या वेतनावर खर्च होतो. त्यात गैर काही नाही. शिक्षकच नसेल, तर शाळा कसली? प्रश्न आहे तो वेतनानंतर उरणाऱ्या पैशांचा. खडू, वीजबिल, प्रयोगशाळेतील रसायने, गळक्या छपराची डागडुजी हा खर्च कोणी करायचा, याचे समाधानकारक उत्तर गेल्या दोन दशकांत मिळालेले नाही.

जिल्हा परिषद आणि महापालिकांच्या शाळांना 'समग्र शिक्षा'मधून वार्षिक शाळा अनुदान मिळते. केंद्र व राज्य त्याचा भार ६०:४० या प्रमाणात उचलतात. अनुदानाचा दर पटसंख्येनुसार ठरतो. ३० पर्यंत विद्यार्थी असलेल्या शाळेला १० हजार रुपये, ३१ ते १०० विद्यार्थ्यांच्या शाळेला २५ हजार, तर १०१ ते २५० पर्यंत ५० हजार. त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी राखून ठेवावी लागते. म्हणजे वाडी-वस्तीवरील लहान शाळेच्या हाती इतर सर्व खर्चासाठी महिन्याला जेमतेम ७५० रुपये पडतात. पट ३१ वरून ३० वर आला, की अनुदान १५ हजारांनी घटते. एखादे कुटुंब कामधंद्यासाठी गाव सोडून गेले तरी हे घडू शकते. पण त्यामुळे शाळेचे छप्पर काही लहान होत नाही.

२०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाल्यानंतर अनेक गावांनी लोकवर्गणीतून शाळा 'डिजिटल' केल्या. भिंतीवर दूरचित्रवाणी संच आले. वीजबिलाची सोय मात्र त्याच तुटपुंज्या अनुदानातून करायची होती. थकबाकीमुळे शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या त्यानंतर वारंवार आल्या. संच देणगीत मिळतो, बिल दर महिन्याला येते, हा साधा हिशेब नियोजनात राहून गेला.

खासगी अनुदानित शाळांची कथा वेगळी नाही. त्यांचे वेतनेतर अनुदान २००४ पासून बंद झाले. २०१३ मध्ये ते वेतनाच्या पाच टक्के दराने पुन्हा सुरू करण्यात आले, पण गणनेसाठी पाचव्या वेतन आयोगाची जुनी वेतनश्रेणी धरली गेली. तोवर सहावा आयोग लागू होऊन काही वर्षे लोटली होती. बाजारातील भाव अर्थातच जुन्या श्रेणीत थांबले नव्हते.

अशा किरकोळ वाटणाऱ्या खर्चाने शिक्षणात खरोखर फरक पडतो का? अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बारा वर्षे प्रतिविद्यार्थी खर्च दहा टक्क्यांनी अधिक राहिल्यास त्या मुलांची पुढील कमाई सुमारे सात टक्क्यांनी वाढते, असे आढळले. गरीब घरांतील मुलांना त्याचा लाभ अधिक झाला. आपल्याला अधिक जवळचा पुरावा आंध्र प्रदेशातील आहे. तेथील सरकारी शाळांना वह्या, सरावपुस्तिका अशा साहित्यासाठी थोडे अनुदान देण्यात आले. पहिल्या वर्षी ते अनपेक्षित होते आणि मुलांचे गुण वाढले. दुसऱ्या वर्षी पालकांना त्याची कल्पना होती. त्यांनी स्वतःचा खर्च कमी केला आणि गुणांतील वाढ थांबली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा आधार घेऊन अनुदान निरुपयोगी ठरवणे सोपे आहे. परंतु, शाळेला मिळणारा पैसा आणि पालकांचा खिसा एकमेकांना जोडलेले आहेत, हाच त्याचा खरा अर्थ.

हाच संबंध उलट्या दिशेनेही काम करतो. अनुदान आटले, की शहरातील मध्यमवर्गीय वस्तीतल्या शाळेत पालक व माजी विद्यार्थी ती उणीव भरून काढतात. प्रयोगशाळा सुरू राहते. दुर्गम पाड्यावर शिक्षक पदरमोड करतो, आणि ती संपली की प्रयोग पुस्तकातल्या आकृतीवरच उरकला जातो. दोन्ही शाळा कागदावर एकाच अभ्यासक्रमाच्या असतात.

प्रत्येक शाळेला पटसंख्येशी निगडित नसलेली एक किमान रक्कम देणे आणि त्यावर प्रतिविद्यार्थी वाढ करणे, हा यावरील व्यवहार्य मार्ग आहे. छप्पर आणि वीजजोडणी तीस मुलांसाठी लागते, तशीच दहा मुलांसाठीही लागते. त्याहून सोपी सुधारणा वेळापत्रकाची. शाळा जूनमध्ये भरतात. अनुदान अनेकदा आर्थिक वर्ष सरत आल्यावर पोहोचते आणि मार्चअखेरपर्यंत घाईघाईने खर्ची टाकावे लागते. तेव्हा मुले वार्षिक परीक्षेच्या उंबरठ्यावर असतात.