घरांतील लेथ

आमच्या भवानी पेठेंतील घराच्या मागील पडवींत पुतण्यानें जुना लेथ आणून बसविला. परंतु त्यावर कातलेली सळई दर वेळीं एका टोकास जाड भरे. तो यंत्रास दोष देऊन तें विकावयास निघाला. १८८८ सालीं बेळगांवास सायकलच्या दुकानानें आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचें उदाहरण आम्हीं ऐकविलें. तें त्यास पाठच होतें!

खोट यंत्रांत नव्हतीच. शहाबादी फरशी एका कोपऱ्यास खचली होती. बोल्ट आवळतांच लेथचा बेड पिळला जाई. बीड ताठ दिसतें, तरी केसभर पिळतेंच. मग पाणसळ बेडवर आडवी ठेविली, एकदां चकजवळ व एकदां दुसऱ्या टोकास. दोहींकडे बुडबुडा सारखा येईपर्यंत पायांखालीं पत्र्याच्या पातळ पट्ट्या सारिल्या. नंतर चकमध्यें जाड सळई धरून, दुसऱ्या टोकास आधार न देतां, तिच्यावर दोन ठिकाणीं हलका काप घेतला. मायक्रोमीटरनें दोन्ही मापें जुळलीं, तेव्हां कोठें पुतण्याचा चेहरा उजळला.

आमच्या पेठेंत माग फार. सुताची कुसर उडून तेलावर बसते, तींत लोखंडाचा कीस मिसळला कीं तेलच कानशीचें काम करूं लागतें. यास्तव काम संपतांच बेड पुसून ताजें तेल लावावें. फिरत्या चकजवळ सोगा, सैल बाही किंवा हातमोजे मुळींच नकोत. याबाबत आम्ही कोणाची भीड ठेवीत नाहीं.

यंदा खंडेनवमीच्या पूजेपूर्वीं पुन्हां पाणसळ लाविली, तों पावसाळ्यानें फरशी आणखी खचलेली. एका पायाखालीं अजून एक पट्टी लागली.